गोवा कसा फिरावा: आधी नद्या बघा, मग हॉटेल

‘तीन दिवसांत अख्खा गोवा’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की मी पुढे वाचतच नाही. सकाळी हणजूण, दुपारी दूधसागर, संध्याकाळी पाळोळे असं कागदावर मांडणाऱ्यानं बहुधा स्वतः गाडी चालवलेली नसते. पण लोक फसतात, कारण गोवा दिसतो लहान. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर; शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा याहून मोठा आहे. मग वाटतं, एवढासा तर आहे, कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो? पडतो. सगळी सहल त्यावरच अवलंबून असते.

ऋतू

समुद्रात उतरायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शॅक, म्हणजे वाळूवरची झोपडीवजा खानावळी, उतरवलेले असतात, समुद्र खवळलेला असतो, दूधसागर धबधब्याकडे नेणाऱ्या जीपा बंद असतात आणि जून-जुलैमध्ये ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते. तरीही मी जुलैत दोनदा गेले आहे, सत्तरी आणि फोंडा या आतल्या तालुक्यांची हिरवाई बघायला, आणि पुन्हा जाईन. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका.

मुक्काम कुठे करायचा

इथेच सगळे चुकतात. मीही चुकले होते.

माझ्या पहिल्या मोठ्या सहलीत आम्ही सातजण होतो. खोल्या कळंगुटला घेतल्या, कारण नाव ओळखीचं. आत्याला मंगेशी आणि शांतादुर्गा करायची होती, भाच्याला दूधसागर, वहिनीला पाळोळे. मी म्हटलं, रोज एकेक करू, रात्री खोलीवर परत. झुआरीवरचा नवा पूल तेव्हा झालेला नव्हता. पाळोळ्याच्या दिवशी सकाळी आठला निघालो, कुठ्ठाळीला पुलाच्या रांगेत अडकलो आणि पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. चारला परत निघणं भाग होतं. परतीच्या प्रवासात भाच्यानं हिशेब मांडला: चार दिवसांत पाण्यात पाय किती वेळ? सव्वा तास. आत्या काही बोलली नाही, पण तिनं माझ्याकडे जे बघितलं ते आजही आठवतं.

तर करायचं काय? नकाशा उघडा आणि किनारे शोधू नका, नद्या शोधा. उत्तरेकडून खाली येताना तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, मग साळ, आणि पार टोकाजवळ तळपण. या नद्या समुद्राला मिळताना किनाऱ्याचे तुकडे करतात. तेरेखोल आणि शापोरा यांच्यामध्ये पेडणे. शापोरा ते मांडवी बार्देश. मांडवी ते झुआरी तिसवाडी, म्हणजे पणजी आणि जुने गोवे. झुआरीच्या खाली मुरगाव आणि सासष्टी. आणखी खाली, करमलघाट उतरून गेलं की काणकोण. गोव्याचे खरे भाग हे. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ अशी दोनच नावं घेऊन हॉटेल शोधलंत तर फसलात म्हणून समजा.

तुकडा म्हणजे काय ते शापोऱ्याच्या किल्ल्यावर उभं राहिलं की कळतं. समोर, नदीच्या पलीकडे, मोरजीची वाळू इतकी जवळ दिसते की हाक मारावीशी वाटते. गाडीनं मात्र मागे येऊन शिवोलीच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. मोबोरच्या टोकावर तेच: साळ नदीपलीकडे बेतुल दिसतं, आणि रस्ता भलतीकडूनच जातो. फोनवरचा नकाशा मिनिटं सांगतो. पुलाच्या तोंडाशी, बाजाराच्या वळणावर, मिरवणुकीमागे जाणारी मिनिटं तो पुरती धरत नाही. हरमल ते पाळोळे सुमारे शंभर किलोमीटर भरतं. रस्ता रिकामा मिळाला तरी एका बाजूला अडीच-तीन तास धरा.

माझा नियम साधा आहे: एका दिवसात एकच मोठी नदी ओलांडायची, आणि ओलांडली की तो दिवस तिचाच. तीन रात्री असतील तर एकच मुक्काम. पाच किंवा जास्त असतील तर दोन, एक झुआरीच्या वर, एक खाली. तीन मुक्काम कधीही नाही. अर्धी सुट्टी बॅगा भरण्यात आणि ‘चेक-इन दोन वाजता’ ऐकण्यात जाते.

आता कोणी कुठे राहावं, याबद्दल माझी मतं पक्की आहेत. आवाज, गर्दी, रात्रीचा धिंगाणा हवा असेल तर बार्देश: कांदोळी, कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर. तिथे राहून शांतता नाही म्हणून कुरकुरू नका. पेडण्यात हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी. दहा दिवस एकाच झोपडीत राहून पुस्तक वाचणाऱ्यांचा हा भाग. हरमलला किनाऱ्यालगतच गोड्या पाण्याचं तळं आहे, ते चुकवू नका. लहान मुलं असतील तर डोळे मिटून सासष्टी. वेळसांवपासून मोबोरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर जवळजवळ सलग वाळू आहे. एक जागा गजबजलेली वाटली तर पुढच्या गावाला जा: कोलवा नको तर बेताळभाटी, बाणावली नको तर वार्का. काणकोणला पाळोळे आणि आगोंद सुरेख आहेत, पण एका दिवसाची धावती भेट देऊन त्यांचा अपमान करू नका. दोन रात्री तरी राहा. मोरजी, आगोंद आणि गालजीबागला समुद्री कासवं अंडी घालायला येतात; कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा आणि रात्री विजेरी मारत फिरू नका.

आणि घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर? पणजी. सगळे नाक मुरडतात, ‘पणजीत कसला आलाय समुद्र?’ म्हणून. नसू दे. मिरामारला संध्याकाळी पाय मोकळे करा. म्हापसा १३ किलोमीटर, जुने गोवे साधारण १०, फोंडा तासाभराच्या आत. मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्या पायी होतात. त्या फजितीनंतर आत्याला मी पणजीतच उतरवते आणि ती खूश असते.

पोचायचं कुठे

मुक्काम ठरल्यावरच तिकीट काढायचं. उलटं करू नका. लोक सवयीनं मडगावचं तिकीट काढतात आणि बागा किनाऱ्याला जायला टॅक्सीवर पैसे उधळतात. बार्देश किंवा पेडण्यासाठी थिवीला उतरा, पणजीसाठी करमळीला, सासष्टीसाठी मडगावला. काणकोणला स्वतःचं स्टेशन आहे, गाड्या मात्र मोजक्याच थांबतात. विमानानं येणाऱ्यांनी तिकिटावरची अक्षरं नीट वाचावीत: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे पेडण्यातलं मोपा. मोप्याला उतरून पाळोळ्याला जाणं म्हणजे पुन्हा तेच शंभर किलोमीटर. स्वस्त तिकिटाचा आनंद टॅक्सीत बसेपर्यंतच टिकतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. बसच्या पाटीवर आणि माणसांच्या तोंडी असतात ती नावं इंग्रजी नकाशासारखी नसतात. ‘अरंबोल’ म्हणजे हरमल, ‘अंजुना’ म्हणजे हणजूण, ‘बेनॉलिम’ म्हणजे बाणावली, ‘कॅनाकोना’ म्हणजे काणकोण. आपण मराठी माणसं. आपल्याला ही नावं जिभेवर बसवणं जड जाऊ नये.

गाडी

स्कूटर भाड्यानं घ्या, पण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे कोणाची तरी खाजगी गाडी. पोलिसांनी अडवलं की मालक फोन उचलत नाही. हेल्मेट घाला, परवाना खिशात ठेवा. पणजी-मडगाव आणि पणजी-म्हापसा कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, विनाथांबा बस उत्तम, आणि मोठ्या पुलावर स्कूटरनं वारा खाण्यापेक्षा तीच बरी.

एक दिवस समुद्राकडे पाठ

हा दिवस न ठेवणाऱ्यानं गोवा अर्धाच पाहिला असं मी म्हणते, मग कोणाला राग येवो. दोन पर्याय आहेत आणि ते एकत्र करायचे नाहीत.

पहिला फोंड्याचा. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, सगळी देवळं एकमेकांपासून थोड्या अंतरावर. इतकी देवळं इथेच का दाटली, तर पुन्हा नदीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून पलीकडे नेल्या, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्यात नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. ज्या झुआरीशी पुलाच्या रांगेत बसून मी चरफडत होते, तीच नदी तेव्हा देवांच्या कामी आली होती. देवळांमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. किनाऱ्यावरून थेट येऊ नका.

दुसरा पर्याय दूधसागर. कुळ्याला जायचं, तिथून जंगलातून जीप. जीपा मर्यादित असतात, म्हणून सकाळी लवकर पोचा; दहाला उठून निघणार असाल तर बेतच रद्द करा. रुळांवरून चालत जाण्याचे व्हिडिओ बघून तसलं धाडस करू नका, त्याला बंदी आहे. परतताना वेळ उरला तर तांबडी सुर्ला बघा: कदंब राजांच्या काळातलं काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ, बाजूला ओढा, मागे डोंगर. तिथे मी दूधसागरपेक्षा जास्त वेळ बसले आहे.

जुने गोवे यात धरलं नाही, कारण त्याला अर्धा दिवस पुरतो. बॉम जेझुसचं चर्च आणि समोरचं से कॅथेड्रल झालं की बहुतेकजण गाडीत बसतात. तुम्ही मात्र धक्क्यावर या आणि दिवाडी बेटाची फेरीबोट पकडा. स्कूटर बोटीवर चढवताना पुढचा ब्रेक दाबू नका, फळी ओली असते. पलीकडे उतरलात की पहिल्या फाट्यावर कोणालाही पिएदादे गावाचा रस्ता विचारा. टेकडीवरच्या चर्चपासून मांडवी दोन्ही बाजूंनी दिसते.