छोट्या धंद्याच्या साईटला स्वस्तातलं एसएसएल घेताय? आधी हे बघा

एसएसएल म्हणजे साईटचा पत्ता एचटीटीपीएस करणारं, येणारी-जाणारी माहिती कुलूपबंद ठेवणारं सर्टिफिकेट. पैसे काढायच्या आधी एक काम करा, होस्टिंगचं (साईट जिथे ठेवलीय त्या कंपनीचं) पॅनल उघडून बघा फुकटचं एसएसएल आधीच लागलंय का. सीपॅनल नावाच्या पॅनलमध्ये ऑटोएसएसएल म्हणून प्रकार असतो, बऱ्याचदा तो चालूच असतो आणि मालकाला पत्ता नसतो. मी स्वतः दोन वर्षं एका सर्टिफिकेटचे पैसे भरलेत, होस्टिंगच्या रिन्युअल बिलात त्याची टिक आधीच मारलेली होती, मी काही बघितली नाही. मग एक दिवस ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडलं तर ‘इश्यूड बाय’समोर लेट्स एन्क्रिप्ट, ही तर फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था! म्हणजे साईट चालत होती फुकटच्यावर, आणि विकतचं कोणी इन्स्टॉलच केलं नव्हतं.

आता सर्टिफिकेटचे प्रकार तीन. डीव्हीमध्ये (डोमेन व्हॅलिडेशन) फक्त डोमेन, म्हणजे साईटचं नाव, तुमच्या ताब्यात आहे ना एवढंच तपासतात, काही मिनिटांत मिळतं. ओव्हीमध्ये (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) कंपनी खरंच आहे का ते बघतात, ईव्हीमध्ये (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन) अजून कसून. पण एन्क्रिप्शन तिन्हीत तेच असतं, महागाचं घेतलं म्हणून कुलूप जास्त घट्ट लागत नाही. पूर्वी ईव्ही घेतलं की पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव झळकायचं, त्याचीच खरी किंमत होती, पण २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते तिथून काढून टाकलं. त्यामुळे एखादा मोठा क्लायंट लेखी ओव्ही मागत असेल तरच तिकडे वळा, नाहीतर डीव्ही बास. आणि ती लाखोंची वॉरंटी लिहिलेली असते ना, साईट हॅक झाली तर ती कामाला येत नाही, ती सर्टिफिकेट देणाऱ्याच्या चुकीपुरती असते.

विकतचं घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, रिन्युअलचा बघा. ‘पाच वर्षांचं घ्या, निश्चिंत राहा’ यालाही फसू नका, पैसे पाच वर्षांचे घेतले तरी एक सर्टिफिकेट तेवढं चालतच नाही. कमाल मुदत आधी ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस असं ठरलंय. दर ४७ दिवसांनी हाताने कोण बदलत बसणार? म्हणून माझ्या मते भावाच्या आधी विचारायचा प्रश्न एकच, रिन्युअल आपोआप होतं का. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम टाका, तो परस्पर नवीन आणतो, फक्त एकदा ड्राय रन म्हणजे चाचणी करून खात्री करा. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टवाले पूर्वी पाठवायचे, जून २०२५ पासून बंद केलेत, तेव्हा मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

नावांमध्ये पण घोळ होतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही पत्ते टाकून बघा, एकच कव्हर झालेला असेल तर दुसऱ्यावर ब्राउझर लाल वॉर्निंग देतो आणि गिऱ्हाईक तिथूनच पळतं. शॉप, ब्लॉग, मेल असे बरेच सबडोमेन (मुख्य पत्त्याच्या आधी लागणारी नावं) असतील तर वाइल्डकार्ड, म्हणजे त्या सगळ्यांना चालणारं एकच सर्टिफिकेट, सोयीचं, तेही लेट्स एन्क्रिप्टकडे फुकट आहे, पण त्याला डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) रेकॉर्ड टाकावा लागतो आणि ते सबडोमेनची एकच पायरी कव्हर करतं, शॉपच्या आधी अजून एक नाव लावलं तर चालत नाही.

क्लाउडफ्लेअर (गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे बसणारी सेवा) वापरत असाल तर तिथलं एसएसएलचं सेटिंग ‘फ्लेक्सिबल’वर ठेवू नका हां, त्यात त्यांच्यापासून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता उघडाच राहतो. सर्व्हरवर सर्टिफिकेट टाका आणि ‘फुल स्ट्रिक्ट’ करा.

कोणी सेटअप करून देणार असेल तर प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, ती सर्व्हरवरच तयार होते आणि तिथेच राहते, बाहेर जातो तो फक्त सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेट मागायचा अर्ज.

सर्टिफिकेट लागल्यावर एचटीटीपीचा पत्ता टाकून बघा, आपोआप एचटीटीपीएसवर जायला पाहिजे. तरीही जुन्या ब्राउझरमध्ये ‘नॉट सिक्युअर’ दिसत असेल किंवा नव्यात एखादा फोटोच उघडत नसेल तर लगेच सर्टिफिकेटला शिव्या घालू नका, बऱ्याचदा एखादा जुना लोगो नाहीतर फोटो अजून एचटीटीपीच्या लिंकवरून येत असतो, एफ१२ दाबून कन्सोल उघडा, ‘मिक्स्ड कंटेंट’ म्हणून त्याच फाईलचं नाव तिथे लिहिलेलं सापडेल.