पार्किन्सन्सचा पेशंट अचानक बिघडला तर... या चुका टाळा

पार्किन्सन्स हळूहळू वाढणारा आजार, त्यात कसली आलीये इमर्जन्सी असं घरच्यांना वाटत असतं आणि तिथेच घोळ होतो. पेशंट दोन-चार दिवसांत एकदम बसला तर "आजार वाढला" म्हणून गप्प राहू नका, आजार असा रातोरात वाढत नाही, मागे बहुतेक वेळा गोळ्यांची गडबड नाहीतर इन्फेक्शन निघतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेवोडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी, मेंदूतलं डोपामिन भरून काढणारी) एकदम बंद होणं. मुद्दाम कोणी करत नाही हो, उलट्या होतायत, गिळता येत नाहीये, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय, भास होतायत म्हणून कोणीतरी "थांबवा जरा" म्हणतं आणि डोस राहतात. मग अंग लाकडासारखं ताठ, जोरात ताप, दरदरून घाम, बीपी वरखाली, बोलणं असंबद्ध. घरचे पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघतात. बघू नका! स्नायू आतून तुटायला लागतात, किडनीवर येतं, जीवही जाऊ शकतो. ताठपणा, ताप आणि गुंगी एकत्र दिसली की थेट इमर्जन्सी, आणि तिथे गेल्या गेल्या आधी हे सांगा की शेवटची गोळी कधी घेतली होती. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून औषध देता येतं. डीबीएस (मेंदूत तारा घालून बसवलेलं बॅटरीवरचं मशीन) बसवलेलं असेल तर बॅटरी संपलीये का तेही बघायला सांगा, ती बंद पडली तरी असंच होऊ शकतं.

दुसरी चूक उलटीच्या इंजेक्शनची. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात, म्हणजे ज्याची आधीच कमतरता आहे तेच. भास होणाऱ्या पेशंटला शांत करायला हॅलोपेरिडॉल दिलं तरी तीच गत, त्यामुळे "पार्किन्सन्स आहे" हे इंजेक्शन भरायच्या आधी बोला, नंतर नाही.

हीच औषधं धडधाकट तरुण पोरांनाही कधीकधी नडतात. मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर चढतात पण शुद्ध पूर्ण असते. लोकांना वाटतं फिट आली, किंवा नाटक करतोय, काहींना तर बाहेरचं वाटतं 🙄 खरं तर योग्य इंजेक्शनने बहुतेकदा काही मिनिटांत सुटतं, फक्त घसा आवळून श्वास घरघरायला लागला तर एक मिनिटही घालवू नका. आणि सुटलं म्हणून लगेच विसरू नका, काही तासांनी परत येऊ शकतं, डॉक्टरांनी पुढच्या गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण घ्या.

रासाजिलिन किंवा सेलेजिलिन या पार्किन्सन्सच्याच गोळ्या चालू असतील तर दुखण्यावर ट्रामाडॉल आणि खोकल्यावर डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप मनाने घेऊ नका. थरथर, जुलाब, बेचैनी, ताप असं सुरू झालं की पुन्हा हॉस्पिटलच.

आणि डायबेटिसवाल्या वयस्कर माणसाचा एकाच बाजूचा हात-पाय आपोआप उडायला लागला तर नस दबली म्हणून मालिश करत बसू नका. शुगर प्रचंड वाढल्यावर असं होऊ शकतं, कधीकधी स्ट्रोकनेही होतं. ग्लुकोमीटर लावा आणि आकडा काहीही येवो, निघा.