जुन्या पाइपचा नाद लागलाय? मग एकाच ब्रँडला धरून कसं राहायचं ते वाचा

मागच्या उन्हाळ्यात मावसभाऊ इकडे इंग्लंडात आला होता, माझ्या कपाटातले तंबाखू ओढायचे जुने पाइप बघून म्हणाला, "दादा, हे तेवीसच्या तेवीस एकसारखे दिसतायत की रे, आणि त्यातले एकोणीस एकाच कंपनीचे, डोकं ठिकाणावर आहे ना?" आता त्याच्या घरी चहाची पावडर बदलली तर काकू दोन दिवस बोलत नाहीत, पण ते त्याला चालतं. असो. त्याला जे समजावून सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, म्हणजे ज्याला जुने ब्रायरचे (म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या कठीण लाकडाचे) पाइप जमवायला सुरुवात करायचीय त्याचे थोडे पैसे वाचतील. आधीच सांगतो, मी ओढत नाही, फक्त जमवतो, त्यामुळे कुठला तंबाखू चांगला वगैरे मला विचारू नका.

पहिली गोष्ट म्हणजे लगेच ब्रँड ठरवू नका. सगळे इथेच चुकतात, कुठेतरी डनहिल या नामी कंपनीच्या पाइपचा फोटो बघतात, स्टेमवरचा (म्हणजे तोंडात धरायच्या नळीवरचा) तो पांढरा ठिपका डोळ्यात भरतो आणि पहिलाच पाइप महागडा घेऊन बसतात. त्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या मेकचे वापरलेले स्वस्त पाइप घ्या (वापरलेल्या पाइपला जमवणारे इस्टेट पाइप म्हणतात), सहा महिने टेबलावर ठेवा, येता जाता हातात घ्या. कुठला परत परत उचलला जातो ते आपोआप कळतं. मला वाटलं होतं मी पीटरसन या आयरिश कंपनीचा माणूस होणार, कारण तो जाडजूड वाकडा पाइप बघूनच प्रेमात पडलो होतो, आणि शेवटी हात गेला बार्लिंग या लंडनच्या ब्रँडकडे. का ते नीट सांगता येणार नाही, स्टेमची बटणाजवळची (दातात धरायच्या टोकाजवळची) जाडी असेल, लाकडाचं वजन असेल.

एकदा ब्रँड ठरला की खरं काम सुरू होतं, आणि ते म्हणजे कुठल्या सालाआधीचे पाइप घ्यायचे याची रेघ मारणं. बाहेरच्यांना वाटतं आपली निष्ठा कंपनीशी असते, पण जमवणाऱ्याची निष्ठा नावाशी नसतेच, ती एका काळाशी असते. गाण्यातल्या घराण्यासारखं आहे हे, नाव पुढे चालू राहतं पण गुरू गेल्यावर तीच गायकी राहिली का, यावर लोक रात्र रात्र भांडतात. बार्लिंगचंच घ्या. १८१२ पासूनचं लंडनचं घराणं, मूळचे चांदीकाम करणारे, १९६० मध्ये कुटुंबाने कंपनी विकली आणि १९६२ पासून पाइपवरचा शिक्का आणि नंबर सगळंच बदललं. त्याच्या आधीच्याला म्हणायचं प्री-ट्रान्झिशन, आणि पक्का बार्लिंगवाला त्यानंतरच्या पाइपला हात लावत नाही. नाव तेच बरं का! सासिएनीचं पण तसंच, जोएल सासिएनी १९१९ मध्ये डनहिल सोडून बाहेर पडला आणि स्वतःचं दुकान मांडलं, त्याच्या भारी पाइपच्या स्टेमवर चार फिकट निळे ठिपके असतात, आणि १९७९ मध्ये कंपनी घराबाहेर गेल्यावरचे ठिपकेवाले पाइप जुन्या मंडळींना चालत नाहीत. चॅरटन हा ब्रँड तर या हातातून त्या हातात फिरला, १८६३ ला सुरू झाला, १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेन कंपनीकडे, मग सत्तरच्या दशकात डनहिलकडे. म्हणजे "मी चॅरटन जमवतो" म्हणालात की पुढचा प्रश्न येणारच, कुठलं चॅरटन?

म्हणून वहीत पहिल्या पानावर एकच ओळ लिहून ठेवा, ब्रँड आणि साल. माझ्या वहीत लिहिलंय "बार्लिंग, १९६२ च्या आधीचे, वाकडे नकोत". ही ओळ नसेल तर बूट सेलला (म्हणजे रविवारी लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात ना, ते) दर वेळी काहीतरी गोड दिसतं आणि घरी कचरा जमतो.

आता शिक्का वाचायचा कसा. पाइपचा बाऊल (तंबाखू भरायची वाटी) आणि स्टेम यांच्यामधली जी लाकडी मान असते तिला शँक म्हणतात, सगळी कुंडली तिच्यावरच दोन्ही बाजूंनी कोरलेली असते. सरळ वरून उजेड टाकला तर अर्धी अक्षरं दिसतच नाहीत. मोबाइलचा टॉर्च शँकला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा आणि पाइप हळूहळू फिरवायचा, एका ठराविक कोनाला अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि मघाशी गुळगुळीत दिसणाऱ्या लाकडावर अख्खं नाव उमटतं. त्याच क्षणी दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा, नंतर मोठा करून निवांत वाचा. जुन्या बार्लिंगवर नाव कमानीसारखं वळवून कोरलेलं असतं, चांदीची पट्टी असेल तर तिच्यावर ई बी डब्ल्यू बी ही अक्षरं शोधा, आणि साइजसाठी यांनी इंग्रजी अक्षरांची जी गंमत केलीय ती तर भारीच, एल म्हणजे मोठा, ई एल त्याहून मोठा, मग ई एक्स ई एल, आणि त्याहून धिप्पाड तो ई एक्स ई एक्स ई एल. आपल्याकडे "मोठ्ठाच्या मोठ्ठा" म्हणतात तसं झालं हे.

डनहिलवाल्यांचं काम मात्र सोपं, उगाच नाही त्यांचा पंथ एवढा मोठा. शिक्क्यातला इंग्लंड हा इंग्रजी शब्द जिथे संपतो त्या शेवटच्या डी अक्षराला लागून छोटा आकडा असतो, तो सालाचा. सत्तर ते नव्वदच्या दशकांतला पाइप असेल तर त्या आकड्यात १९६० मिळवायचे, म्हणजे २२ असेल तर १९८२. त्याआधीच्या पाइपांना पेटंट नंबरवगैरे भानगडी आहेत, त्या वेगळ्याने शिकाव्या लागतात. पन्नास-साठच्या दशकातल्यावर गोलातला एक आकडा आणि एक अक्षर पण दिसेल, आकडा बाऊलच्या साइजचा, एक ते सहा, आणि अक्षर फिनिशचं (म्हणजे लाकडाच्या रंग-पोताचं), ए म्हणजे ब्रुयेर, एस म्हणजे शेल, आर म्हणजे रूट ब्रायर, टी म्हणजे टॅनशेल. आणि तो जगप्रसिद्ध पांढरा ठिपका, त्याच्याबद्दल लोक काय काय सांगतात, पण मूळ कारण अगदी साधं, सरळ स्टेम उलटासुलटा बसवला जाऊ नये म्हणून वरची बाजू कळायला १९१२ पासून तो लावायला लागले. एवढ्याशा सोयीच्या खुणेवर पुढे शंभर वर्षं लोक जीव टाकतात, आता बोला.

कॉमॉय हा लंडनचा ब्रँड धरणार असाल तर नजर स्टेमवरच्या सी अक्षरावर ठेवा. जुन्या चांगल्या पाइपांवरचा सी छापलेला नसतो, तो तीन तुकड्यांनी बनवलेला असतो. आधी पांढरी गोल चकती बसवायची, तिच्या मधोमध भोक पाडून काळा तुकडा भरायचा, मग एका कडेला अजून एक छोटं भोक पाडून तिथेही काळा तुकडा, म्हणजे गोलाचं तोंड उघडून सी तयार. भिंगातून बघितलं की उघड्या तोंडापाशी त्या तिसऱ्या तुकड्याची बारीक गोल कड दिसते. नंतरच्या काळात हे कष्ट बंद झाले, सी एकाच तुकड्यात यायला लागला, आणि कॉमॉयच्या भक्तांची रेघ साधारण तिथेच ओढली जाते. खिसा हलका असेल तर याच घराण्याचे दुय्यम ब्रँड बघा, गिल्डहॉल, एव्हरीमॅन वगैरे. त्यांच्यावर पण गोलात मेड इन लंडन आणि खाली इंग्लंड असा तोच शिक्का आणि आकाराचा तोच नंबर सापडतो. डनहिलसाठी तसाच पार्कर. याला कोणी निष्ठेत भेसळ म्हणत असेल तर म्हणू दे, मी म्हणत नाही.

आता माझा गाढवपणा ऐका. सुरुवातीला एका जत्रेतल्या टेबलावर पीटरसन मिळाला, मानेला चकचकीत पट्टी, तिच्यावर तीन छोट्या ढाली आणि त्यात के, अँड, पी (कॅप अँड पीटरसन), खाली कुत्रा, मनोरा आणि तीन पानांचं शॅमरॉक. विकणारा म्हणाला चांदी आहे, हॉलमार्क बघा ना. मी पण शहाण्यासारखा मान डोलावली आणि चांदीचे पैसे देऊन आलो. ती निकेलची पट्टी होती! पीटरसन निकेलवर मुद्दाम हॉलमार्कसारखी दिसणारी ही चित्रं टाकायचे, आयरिश वुल्फहाउंड, गोल मनोरा, शॅमरॉक, पण ती निव्वळ सजावट. खऱ्या डब्लिनच्या चांदीवर बसलेली हायबर्निया (आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री), मुकुटवालं हार्प हे तंतुवाद्य आणि सालाचं अक्षर असतं, आणि बहुतेक वेळा स्टर्लिंग सिल्व्हर असं सरळ लिहिलेलं पण असतं. लक्षात ठेवायला सोपं, कुत्रा दिसला की चांदी नाही. पीटरसनचं एक बरं आहे, देशाचं नाव बदलत गेलं तसा शिक्का बदलत गेला, त्यामुळे आयरिश फ्री स्टेट दिसलं तर साधारण १९२२ ते १९३७ चा काळ आणि रिपब्लिक दिसलं तर १९४९ नंतरचा, एवढा अंदाज उभ्या उभ्या बांधता येतो.

इटलीचे सॅविनेली, कॅस्टेलो यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही, माझा तो प्रांत नाही. एवढंच की कॅस्टेलोच्या स्टेमवर छोटा चमकणारा खडा दिसला तर तो पाइप अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेला, युरोपातल्यावर पांढरी पट्टी असते, म्हणजे खडा बघून कोणीतरी मागाहून चिकटवलाय असं समजून सोडून देऊ नका.

घेतलेला पाइप घरी आणल्यावर घाई करू नका. स्टेम अडकला असेल तर जोर लावायचा नाही, पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग एकाच दिशेने हळू पिळत काढा (घरच्यांना आधी सांगून ठेवा, मटारच्या पिशवीशेजारी कोणाचा तरी उष्टा पाइप सापडला की काय होतं ते मी भोगलंय). जुना स्टेम व्हल्कनाइटचा (कडक रबराचा) असतो, उन्हाने त्याच्यावर हिरवट पिवळी झाक चढते, ती घासून निघते, पण लोगोवर आधी व्हॅसलीनचा ठिपका लावा, नाहीतर सासिएनीचे निळे ठिपके आणि तुमचे पैसे दोन्ही फिके. लाकडाला बाहेरून अल्कोहोल लावू नका, रंग निघतो. आणि शँकवर सँडपेपर, पॉलिशचं चाक, काही म्हणजे काही चालवायचं नाही, मळ राहिला तरी चालेल. शिक्का गेला की बार्लिंग आणि रस्त्यावरचा कुठलाही पाइप यात फरक सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. चांदीची पट्टीसुद्धा रोज रोज चमकवू नका, हॉलमार्क झिजतो.

मग प्रत्येक पाइपचं वहीत एक पान, शिक्क्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, कुठे मिळाला, कितीला, स्टेम मूळचा की बदललेला. स्टेमचं खरं खरं लिहा, विकताना लपवायला बरं पडेल म्हणून ते पान कोरं सोडू नका.

नियम मोडायचा मोह होणारच. माझ्याकडे पण १९६२ नंतरचा एक बार्लिंग आहे, बारा पाउंडाला घेतला, सरळ, लाकडाचा पोत इतका सुंदर की राहवलं नाही. तो रॅकवर नाही ठेवलेला, स्वयंपाकघरातल्या खणात बॅटऱ्या आणि जुन्या किल्ल्यांबरोबर असतो. मावसभावाला सगळे तेवीस दाखवून झाल्यावर विचारलं यातला कुठला आवडला, तर म्हणे, "तो मघाशी खणात सेल शोधताना दिसला ना, तो."