पन्नाशीनंतर पेटी शिकताना

पेटीची पट्टी दाबली की सूर लागतो. व्हायोलिनसारखी सुराची जागा शोधावी लागत नाही, बासरीसारखी फुंक जमवावी लागत नाही. त्यामुळे उशिरा शिकायला बसणाऱ्याला हे वाद्य सोयीचं. खरी अडचण भाता मारणाऱ्या डाव्या हाताची असते, आणि बहुतेक जण पहिल्या दिवसापासून उजव्या हाताच्याच मागे लागतात.

सुरुवातीला दोन सुरांची (म्हणजे प्रत्येक पट्टीमागे आवाज देणारी दोन पितळी पाती असलेली), तीन ते साडेतीन सप्तकांची साधी पेटी पुरते. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, उचलायला जड, आणि बिघडायला त्यात भागही जास्त. कपलर असेल तर तो बंद ठेवा. त्याने एका पट्टीबरोबर पुढच्या सप्तकातली पट्टीही दबते आणि बोटांवर जोर वाढतो. आखडलेल्या सांध्यांना तो नको. पेटी घेण्याआधी स्टॉप, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या खुंट्या, उघडा (पट्टी न दाबताही सतत सूर देणारे ड्रोनचे स्टॉप मात्र बंद ठेवा) आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. सूर ऐकू आला तर एखादी पट्टी नीट बसत नाही. मग भाता भरून एकच पट्टी धरून ठेवा, डावा हात सोडा, आणि सूर किती टिकतो ते दोन-तीन पेट्यांवर ताडून बघा. ज्या पेटीचा सूर लवकर विझतो तिची हवा गळते आहे.

मांडी घालून बसणं जमत नसेल तर हट्ट करू नका. पेटी टेबलावर ठेवा, पण पट्ट्या कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली यायला हव्यात. टेबल उंच असलं की डावा खांदा वर उचलला जातो आणि दहा मिनिटांत मान दुखू लागते.

आता भाता. बाहेरचा भाता आतल्या भात्यात हवा भरतो आणि आतल्याची स्प्रिंग ती हवा सुरांकडे एकसारखी ढकलते. म्हणजे तुमचं काम फक्त आतला भाता रिकामा होऊ न देणं. जोरात मारलं तर दाब थेट सुरांवर येतो आणि आवाज फुगतो. प्रत्येक स्वराबरोबर मारलं तर गाणं हेलकावे खातं. पहिला आठवडा एवढंच करा: मधल्या सप्तकातला एक सूर धरा, चार मात्रांत एकदा भाता हळू ढकला, आणि आवाज मुळीच वरखाली होत नाही ना ते कान देऊन ऐका. कंटाळवाणं आहे खरं. पण हा आठवडा टाळणाऱ्याचा भाता पुढे कितीतरी महिने धापा टाकत राहतो.

दोन काळ्या पट्ट्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे पांढरी १. तिथून उजवीकडे पांढऱ्या १ ते ७ आणि काळ्या १ ते ५ अशा वेगवेगळ्या मोजायच्या. तिथे सा धरला की शुद्ध स्वरांचं पूर्ण सप्तक पांढऱ्यांवरच मिळतं. सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने. मग अंगठा बोटांच्या खालून सरकवून म वर आणा. पुढे प तर्जनी, ध मधलं बोट, नी अनामिका, वरचा सा करंगळी. उतरताना म वर अंगठा आला की मधलं बोट त्याच्यावरून ग वर टाका. अंगठा खालून नेताना मनगट आणि कोपर बाहेर फेकले जातात, तिथेच लय अडखळते. मनगट जागेवर ठेवून फक्त अंगठा हलवायचा. ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, मात्रेला एक स्वर असा सुरू करा. दोन सूर एकत्र ऐकू आले तर मागचं बोट उशिरा उठतंय. मध्ये पोकळी पडली तर लवकर.

पट्ट्यांवर सारेगमचे स्टिकर चिकटवू नका. नजर तिथेच अडकते, आणि गायची पट्टी, म्हणजे सा ची जागा, बदलली की ते सगळे खोटे ठरतात.

पट्टी बदलायचीच आहे, कारण पेटीबरोबर गायचं असेल तर सा गळ्याला झेपणारा हवा. त्या सा पासून खाली मंद्र (खालच्या सप्तकातला) प आणि वर तार (वरच्या सप्तकातला) ग न ताणता लागला पाहिजे. पुरुषांची पट्टी बऱ्याचदा काळी १ ते काळी २, बायकांची काळी ४ किंवा काळी ५ असते. वयानुसार गळा खाली आला असेल तर एक-दोन पट्ट्या उतरा, त्यात कमीपणा नाही. काळी १ वर सा धरला तर रे काळी २, ग पांढरी ४, म काळी ३, प काळी ४, ध काळी ५, नी वरची पांढरी १. बोटं इथे बदलतात: सा तर्जनीने, रे मधल्याने, ग अंगठ्याने, म, प, ध तर्जनीपासून अनामिकेपर्यंत क्रमाने, नी पुन्हा अंगठ्याने आणि वरचा सा तर्जनीने. अंगठा काळ्या पट्टीवर शक्यतो नकोच.

सलग तासभर बसण्यापेक्षा पंधरा मिनिटं दोनदा बसा. सकाळी बोटं आखडत असतील तर दुपारनंतर.

पहिली चाल भूपातली घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर. मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, जागा मात्र सोडून द्या, त्या पेटीवर निघत नाहीत. गळ्याने घ्या आणि पेटीवर सरळ स्वर धरा.

दमट हवेत पट्टी अडकू लागली तर तेल घालू नका. एखादा सूर मुका झाला तर बहुधा कचरा बसलेला असतो. भाता भरून ती पट्टी पटापट दहा-बारा वेळा दाबा. तरी बोलला नाही तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. टाचणीने आतलं पितळी पातं खरवडलं की त्याचा सूर कायमचा बदलतो.