घनसाळचे नाव आजऱ्याच्या शेतकऱ्याकडेच राहावे म्हणून

आजरा घनसाळ हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याचा सुवासिक तांदूळ शिजू लागला की त्याचा वास ओसरीपर्यंत येतो. पण कायद्यापुढे नाव टिकवायचे, तर लेखी पुरावाच लागतो. आपल्याही गावच्या वाणाचे असेच रक्षण करायचे असेल, तर सातबाऱ्यावर बहुधा नुसते ‘भात’ लिहिलेले असल्याने जुन्या पावत्या, गॅझेटियरमधील उल्लेख आणि जाणत्यांनी सांगितलेले लोंबीचे, दाण्याचे वर्णन आधी जमवावे. १९९९ च्या कायद्यानुसार भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचे नाव तिथल्याच उत्पादकांसाठी राखणाऱ्या नोंदणीचा, अर्ज एकट्याने नव्हे, तर उत्पादकांच्या संस्थेने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे करायचा असतो.

मानांकन मिळाले की काम संपले, असे मानणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यानंतर प्रत्येक शेतकऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करणे आवश्यक असते. दर १० वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे.