ऑक्सिजन सेन्सर कधी बदलायचा, आणि त्याआधी काय काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आमच्या गाडीचा चेक इंजिन लाइट लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, "ओटू सेन्सर गेलाय" म्हणाला आणि नवीन टाकून दिला, आठ दिवसांत लाइट परत हजर. शेवटी निघालं काय तर सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डची (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांची) गॅस्केट फाटलेली, तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. म्हणून सांगतो, स्कॅनरने दाखवलेल्या बिघाडाच्या कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच मेला असं नसतं.

आधी तो करतो काय ते बघा. आत झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते, तिला दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर, एका बाजूला इंजिनचा धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. टोपी साधारण ३०० डिग्रीच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल जास्त जळत असेल, म्हणजे मिक्श्चर रिच, तर ०.८-०.९ व्होल्ट, हवा जास्त म्हणजे लीन असेल तर ०.१-०.२. पेट्रोलला हवेचं प्रमाण वजनाने १ ला १४.७ लागतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याच्या आसपास राहायला इंजेक्टर सारखा कमीजास्त करत असतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज सतत वरखाली नाचतं. काही नव्या गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो (मिक्श्चर नेमकं किती रिच-लीन ते मोजणारा), त्याला हे आकडे लागू नाहीत.

कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा डबा) आधीचा सेन्सर मिक्श्चर सांभाळतो, नंतरचा फक्त कॅटवर लक्ष ठेवतो. मागच्याचं व्होल्टेज स्थिर असलेलंच चांगलं! तो पुढच्यासारखा नाचायला लागला तर संशय कॅटवर घ्यायचा, पी ०४२० कोड बहुतेक त्याचाच.

तपासायला गाडीच्या ओबीडी सॉकेटला (स्कॅनर लावतात ते) लावायचा ब्लूटूथवाला डोंगल आणि मोबाइलवर ॲप पुरतं. इंजिन पूर्ण गरम करा, पुढच्या सेन्सरचा ग्राफ लावा. सुस्त हलतोय किंवा एकाच जागी अडकलाय तर संशय घ्या, पण तेवढ्यावर पार्ट मागवू नका, आधी गॅस्केट, व्हॅक्यूमचे पाइप, वायरिंग आणि उंदरांनी कुरतडलेली वायर बघा (पार्किंगमध्ये हे फार होतं). पी ०१३५ किंवा पी ०१४१ आला तर विषय सेन्सर लवकर तापवणाऱ्या आतल्या हीटरचा असतो, आधी फ्यूज बघा, मग कनेक्टर काढून मल्टिमीटरने हीटरच्या दोन वायरी मोजा, ओपन (म्हणजे आत तुटलेलं) दाखवलं तर सेन्सर खरंच गेला.

चार वायरवाला सेन्सर साधारण १ लाख किमीपर्यंत तरी चालावा. ॲव्हरेज पडलं, पीयूसीला सीओ जास्त आला, धुराला पेट्रोलचा वास येतोय आणि वरचं सगळं ठीक आहे, मग बदला. पण इंजिन ऑइल किंवा कूलंट जाळत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नवाही तसाच खराब होईल.

नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना जुन्यावरचा नंबर लिहून न्या, कनेक्टर सारखा दिसला तरी आतला सेन्सर वेगळा असू शकतो. काढायला बहुतेक २२ चा पाना लागतो, वायरसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. सायलेन्सर थोडा कोमट असताना सुटायला सोपं जातं, पण हात सांभाळा. नव्याच्या आट्यांना ग्रीस आधीच लावलेलं असतं, नसेल तर फक्त आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा, टोकाला अजिबात नाही. आसपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याची वाफ सेन्सर मारते. जुना सेन्सर पेट्रोलने धुऊन परत लावायचा उद्योगही करू नका.

बसवला की कोड क्लिअर करा, कात्रज घाटातून एक फेरी मारा आणि ग्राफ परत बघा. वायर क्लिपमध्ये नीट अडकवलीय ना तेही खाली वाकून बघा, सायलेन्सरला टेकली तर वितळते.