स्निपेट साठवताय? रास्पबेरी पायवाल्यांनी या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकाशी खेळणाऱ्या प्रत्येकाकडे स्निपेटची, म्हणजे साठवलेल्या कमांड आणि कोडच्या तुकड्यांची, एक फाइल असते. नाव 'कमांड्स', 'नोट्स-फायनल' किंवा 'नोट्स-फायनल-२'. आत दीडदोनशे कमांड, आणि त्यातली कोणती आज चालेल हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

तारीख आणि व्हर्जन न लिहिणं

सगळ्यात जास्त रात्री या एका चुकीपायी वाया जातात, आणि प्रसंग बहुतेक वेळा तोच असतो. पायला कायमचा आयपी पत्ता द्यायचा असतो. साठवलेली कृती सांगते: ईटीसी फोल्डरमधली डीएचसीपीसीडी.कॉन्फ उघडा, शेवटी चार ओळी चिकटवा, रीबूट करा. गडी नॅनो या एडिटरमध्ये फाइल उघडतो. ती कोरी दिसते. खाली बारीक अक्षरांत 'न्यू फाइल' लिहिलेलं असतं, म्हणजे अशी फाइल मुळात तिथे नव्हतीच. ते वाचायला सवड कुणाला आहे? चार ओळी चिकटवल्या, सेव्ह केलं, रीबूट केलं. एरर एकही नाही आणि पत्ता जुनाच.

कारण साधं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म या आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्कचा कारभार डीएचसीपीसीडी या प्रोग्रॅमकडून नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेला. ती फाइल आता कुणी वाचतच नाही. पण गडी इथे थांबत नाही. तो दुसरी तितकीच जुनी कृती शोधतो, ती सांगते 'डीएचसीपीसीडी इन्स्टॉल करा', आणि तो करतो. आता एका घरात दोन कारभारी. पत्ता कधी हा, कधी तो, आणि दोष बिचाऱ्या राउटरला.

बुकवर्मवर नेटवर्कमॅनेजरचा मेनू उघडणारी 'सुडो एनएमटीयूआय' चालवा, जोडणी निवडा, आयपीव्ही४ 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल' करा, पत्ता, गेटवे आणि डीएनएस भरा. पत्त्यामागचं /२४ (नेटवर्कचा आकार सांगणारा आकडा) विसरू नका. खरं तर पायला हातच लावू नका. राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क हार्डवेअरचा क्रमांक) आयपी राखून ठेवा. उद्या एसडी कार्ड नव्यानं भरलं तरी पत्ता तोच राहतो.

कॉन्फिग.टीएक्सटी या पायच्या हार्डवेअर सेटिंगच्या फाइलचीही हीच तऱ्हा. बुकवर्ममध्ये ती बूट फोल्डरमधून आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. जुन्या जागी 'फाइल हलवली आहे' अशी पाटी ठेवलेली आहे. पण 'इको' करून 'टी -ए'नं ओळ मागे जोडणारी कमांड फाइल उघडतच नाही, मग पाटी दिसणार कुठून? 'पाय' हा युजर आणि 'रास्पबेरी' हा पासवर्डही एप्रिल २०२२ पासून आपोआप मिळत नाही. तरी जुन्या नोट्सवर विसंबून लॉगिन करत बसणारे आहेतच.

म्हणून प्रत्येक स्निपेटच्या डोक्यावर पाच ओळी हव्यात: तारीख, मूळ लिंक, ईटीसी फोल्डरमधल्या ओएस-रिलीज फाइलमधलं ओएसचं नाव, पायचं मॉडेल, आणि 'चाललं हे कसं ओळखायचं' ती कमांड. सहावी ओळ जमली तर 'मागे कसं फिरायचं'. यात दोन मिनिटं जातात. एवढाही धीर नसेल तर स्निपेट साठवूच नका, दर वेळी नव्यानं शोधा; ते जास्त सुरक्षित.

व्हॉट्सॲप आणि वर्डमधून कोड फिरवणं

कमांड व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायची, ही दुसरी लाडकी खोड. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतो, आणि लिनक्सला मोठ्या एसचा 'सुडो' माहीत नाही. दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे स्क्रीनवरून गायब. मग बघून टाइप करणारा तारे न देताच कमांड चालवतो. आयफोन आणि वर्ड दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतात आणि सरळ अवतरणचिन्हं वळवतात.

ही वळलेली चिन्हं फार छळतात. पायथॉन निदान ओरडतो; 'इन्व्हॅलिड कॅरेक्टर' म्हणत यू+२०१सी असा क्रमांकही देतो. शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) मात्र गप्प बसतो. एपीआय की (ऑनलाइन सेवेची गुप्त किल्ली) वळलेल्या चिन्हांत लिहून एक्स्पोर्ट केली, तर ती दोन्ही चिन्हं कीचाच भाग होतात. समोरचा सर्व्हर ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही', देतो आणि माणूस तासभर नव्या की काढत बसतो. संशय आला की फाइल दाखवणारी 'कॅट' कमांड मोठ्या ए-सह चालवा. साध्या मजकुरात मधेच 'एम-' नं सुरू होणारा कचरा दिसला, तर तिथे परकं अक्षर आहे. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला, तर फाइल विंडोजकडून आली आहे. मराठी कॉमेंटही अशाच विस्कटलेल्या दिसतील, त्याला घाबरू नका. फक्त त्या वेगळ्या ओळीवर लिहा.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आणखी एक गंमत होते. इनपुट म्हणून आलेला '१२' हा मजकूर पायथॉनचं 'इंट' फंक्शन मुकाट्यानं बाराच धरतं, पण कोडमध्ये तोच देवनागरी आकडा थेट लिहिला की सिंटॅक्स एरर.

उपाय जुनाच: साध्या टेक्स्ट फाइली, एक फोल्डर, वर बदलांची नोंद ठेवणारं गिट, मजकूर शोधायला ग्रेप. चॅटवरून पाठवायचंच असेल तर आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) द्या. कोडचा स्क्रीनशॉट मात्र कुणालाच पाठवू नका. स्वतःलाही.

'पिन १७ ला जोडा'

कोणता १७? बीसीएम, म्हणजे चिपच्या, क्रमांकानं १७ म्हणजे हेडरवरची (बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतली) ११ वी पिन. हेडरवरची १७ वी पिन ३.३ व्होल्टची. एलईडी चुकला तर कायम पेटलेला राहील, एवढंच. पण बटण त्या पिन आणि ग्राउंडमध्ये लावलंत, तर दाबताक्षणी थेट शॉर्ट. नोटमध्ये 'जीपीआयओ १७, हेडर पिन ११' असं दोन्ही लिहा. आणि पाय ५ वर आरपीआय.जीपीआयओ ही जुनी पायथॉन लायब्ररी चालत नाही, जीपीआयओझीरो वापरा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पायथॉनची पॅकेजेस आणणारा पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतो, तेव्हा 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा पर्याय जोडलेली कमांड साठवू नका. ज्याच्या नावातच मोडतोड आहे, त्याला उपाय म्हणणं धाडसाचं आहे. व्हेन्व्ह (पायथॉनचं वेगळं, स्वतंत्र वातावरण) बनवा; पायकॅमेरा२ सारखं ॲप्टनं (सिस्टमच्या पॅकेज मॅनेजरनं) आणलेलं काही लागत असेल, तर बनवतानाच 'सिस्टम-साइट-पॅकेजेस' हा पर्याय द्या.

सगळ्यांना सगळे अधिकार देणारं 'सीएचमॉड ७७७' दिसलं की ती कृती बंद करा.

वायफायचा पासवर्ड किंवा की नोट्समध्ये नको. जागेवर 'इथे-की' लिहा. गिटहबवरचा 'सीक्रेट' गिस्ट (तिथे ठेवलेला कोडचा तुकडा) खाजगी नसतो, लिंक हाती लागली की कुणीही वाचतो. की एकदा बाहेर गेली तर फाइल पुसून भागत नाही, की रद्दच करावी लागते.

एफएसटॅबची (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीची) ओळ 'एसडीए१' अशा नावानं साठवू नका. दुसरा पेन ड्राइव्ह आधी ओळखला गेला की नाव बदलतं. 'बीएलकेआयडी'नं यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) काढा आणि पर्यायांत 'नोफेल' घाला. ते नसेल आणि डिस्क लावलेली नसेल, तर पाय बूट होताना दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. स्क्रीन न लावलेल्या पायवर हे कळतही नाही. रीबूटआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून घ्या.

ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कमांडची यादी ठेवणाऱ्या क्रॉनटॅबचं 'ई' म्हणजे एडिट आणि 'आर' म्हणजे सगळं साफ. कीबोर्डवर दोन्ही शेजारी, आणि 'आर' दाबल्यावर 'खात्री आहे का' असं विचारणारं कुणी नाही. त्यामुळे बदल करायच्या आधी 'क्रॉनटॅब -एल' चा मजकूर त्याच नोट्सच्या फोल्डरमध्ये फाइलीत टाकून कमिट करा, नंतरच 'ई' ला हात लावा.